उमेदवारी: शिकणाऱ्या मुलाचें वेतन काय?

आपल्या मराठी भाषेंतील उमेदवार हा शब्द विचार करण्याजोगा आहे. उमेद म्हणजे आशा. ज्याच्यापाशीं आशेवांचून दुसरें कांहीं नाहीं तो उमेदवार. हल्लीं हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत फार ऐकूं येतो. परंतु इंग्रजी अमदानींत मामलेदार कचेरींत अगर कलेक्टरच्या दप्तरांत जो तरुण बिनपगारी बसे, आणि एखादी जागा रिकामी झाल्यास ती आपणांस मिळेल या भरंवशावर कागदांच्या नकला उतरीत राही, त्यास उमेदवार म्हणत. तो खाई बापाच्या घरची भाकर. त्याच्या लेखणीचा लाभ मात्र कचेरीस होई. जागा मिळाली तर ठीक. न मिळाली तर गेलेलीं वर्षें कोणाच्या खातीं जमा धरावयाचीं, हें कोणी विचारीत नसे. प्रिय वाचकहो, हाच प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढें ठेवितों. जो मुलगा काम शिकावयास येतो, त्याच्या कामाचें मोल काय? तें कोणीं कोणास द्यावें? आणि शिकून तयार झाल्यावर तो कोणाचा व किती ऋणी राहतो?

प्रश्न दिसावयास पुस्तकी, पण तो आपल्या दाराशीं उभा आहे. दरसाल दहावीबारावीचे निकाल लागले, कीं बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील खेड्यांतून तरुणांचे थवे चाकण, रांजणगांव, वाळूज येथील कारखान्यांकडे निघतात. कांहीं तालुक्याच्या गांवीं मोटारदुरुस्तीच्या दुकानांत राहतात, कांहीं वेल्डिंगवाल्याकडे, कांहीं मुली शिवणाच्या कारखान्यांत. निघण्यापूर्वीं आईबाप मंडळीच्या उपदेशकाकडे येऊन पुसतात, “मास्तर, पोराला तिकडं धाडावं का?” मास्तर बहुधा उलट विचारतात, “पगार किती देतात?” हा प्रश्न वाजवी खरा, पण तो दुसरा प्रश्न होय. तेथें तो काय शिकेल, हा पहिला.

दुकानदार म्हणतो, “मी त्याला काम शिकवतों, हाच त्याचा पगार.” या म्हणण्यांत लबाडी आहेच असें नाहीं, आणि तें पुरतें खरेंहि नाहीं. सुताराच्या दुकानीं मुलगा प्रथम येतो, तेव्हां त्याच्या हातून फळी वांकडी कापली जाते, पटाशीची धार जाते, मापांत बोटभर फरक पडतो. वेल्डिंगवाल्याकडे कांड्या फुकट जळतात. याहून मोठी हानि मिस्त्रीच्या वेळेची, कारण एकच गोष्ट हात धरून दहादां दाखवावी लागते. त्या पहिल्या दिवसांत मुलगा देतो थोडें आणि घेतो पुष्कळ. अशा वेळीं त्यानें पुऱ्या मजुरीची आशा धरणें रास्त नव्हे. परंतु पारडें असेंच राहत नाहीं. सहा महिन्यांनीं तो रंधा नीट मारूं लागतो, वर्षानें चौकट जोडतो, आणखी कांहीं दिवसांनीं गिऱ्हाइकाच्या घरीं एकटा जाऊन दार बसवून येतो. आणि गिऱ्हाईक त्या दाराचे पैसे मिस्त्रीच्या दरानेंच मोजतें. आतां पारडें फिरलें. अन्याय पहिल्या दिवशीं होत नसतो. ज्या दिवशीं पारडें फिरतें व त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं, त्या दिवशीं तो सुरू होतो. मालक बोलत नाहीं, कारण त्यास तें सोयीचें असतें. मुलगा बोलत नाहीं, कारण आपल्या हाताची किंमत त्यास अद्यापि कळलेली नसते, आणि ज्यानें शिकविलें त्याच्यापुढें तोंड उघडणें त्यास कृतघ्नपणाचें वाटतें.

म्हणून शिकवणें हें वेतन होऊं शकतें काय, या प्रश्नाला आमचें उत्तर असें, कीं होय, पण तें खरोखर दिलें जात असेल तरच. ज्वारी देतों म्हणून कबूल करून रिकामें पोतें हातीं देणारास आपण काय म्हणतों हें सांगावयास नको. गेल्या दिवाळीस मुलास जें काम येत होतें, तेंच आणि तेवढेंच तो या दिवाळीसहि करीत असेल, व त्यास मिळतें तें शिकाऊचें विद्यावेतनच असेल, तर तो शिकाऊ उरला नाहीं. तो स्वस्तांत मिळालेला मजूर झाला. मोठ्या कारखान्यांत ही गोष्ट अधिक सूक्ष्मपणें घडूं शकते. तेथें इमारत स्वच्छ, पोशाख निळा, गळ्यांत ओळखपत्र, जेवण सवलतीचें. घरच्यांस वाटतें, पोराचें कल्याण झालें. पण सरकत्या पट्ट्यापुढें उभा राहून तो एकाच जागचा बोल्ट आवळीत असेल, तर तें शिकावयास फार तर तीन दिवस पुरतात. उरलेलें वर्ष तो काय शिकला? पट्टा थांबला तर कां थांबला, हें तरी त्यास कोणी दाखविलें काय?

याकोबाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. तरुणपणीं तो मामा लाबान याच्या घरीं राहिला, सात वर्षें एका वचनावर राबला, व शेवटीं त्या वचनाच्या जागीं दुसरेंच कांहीं त्याच्या पदरीं पडलें. पुढें त्याचें वेतन दहा वेळां बदललें गेलें. आम्हांस या कथेंत एक गोष्ट विशेष वाटते. लाबान त्याला उपाशी ठेवीत नव्हता, शिवाय तो नात्याचा माणूस. त्याचा दोष एवढाच, कीं ठराव काय तो स्वतःच्या मनांत ठेवून तो सोयीप्रमाणें फिरवीत राहिला. आपल्याकडेहि नात्यांतल्या माणसाच्या दुकानीं ठेविलेल्या मुलाचे हाल परक्याकडच्या मुलाहून कमी होतात असें नाहीं. कारण परक्याशीं निदान बोलणें होतें, नात्यांत बोलावयाचीच लाज.

आतां उलट बाजूचें एक उदाहरण पाहूं, आणि तें आपल्याच मराठी मुलखांतलें आहे. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून १८१७ सालीं मराठी छपाई सुरू झाली. त्या काळीं देवनागरी अक्षरांचे चांगले खिळे मिळणें कठीण. ते येथेंच पाडावे, ओतावे, घासावे, तेव्हां ओळ सरळ बसावयाची. हें काम पुढें टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखालीं चाले. या छापखान्यांत, वयाच्या सुमारें दहाव्या वर्षीं, दरमहा २ रुपयांवर खिळे घासावयास एक गरीब मुलगा लागला. त्याचें नांव जावजी दादाजी. जन्म १८३९ सालचा. (दहा वर्षांच्या मुलास असें कामास लावणें आज कायद्यानें गुन्हा आहे, आणि तसा तो असणें योग्यच आहे, जुन्या काळचें सर्वच आम्हांस आज नको.) साच्यांतून निघालेल्या खिळ्याच्या कडेला धातूचा खरखरीत अंश राहतो, तो दगडावर घासून काढावयाचा, जास्त घासला तर खिळा वाया, कमी घासला तर अक्षर वर उचललेलें. दिवसभर तेंच. वरवर पाहतां बोल्ट आवळण्याहून हें काम निराळें नव्हे.

पण एक फरक होता, आणि आमच्या विषयाचें सार त्या फरकांत आहे. तेथें खिळे पाडणारा, ओतणारा, जुळविणारा व छापणारा हीं सर्व कामें एका छपराखालीं चालत. घासणाऱ्या मुलाला आपल्या हातांतला खिळा कोठून आला व कोठें जाणार हें डोळ्यांनीं दिसे. पुढें हा मुलगा इतर छापखान्यांत काम करीत, ‘इंदुप्रकाश’ पत्राच्या छापखान्यांतून जाऊन, १८६४ सालीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना घालूं शकला; आणि १८६९ सालीं त्यानें निर्णयसागर छापखाना काढिला. निर्णयसागरचे सुबक देवनागरी खिळे व तेथें शुद्ध छापलेले संस्कृत ग्रंथ यांची कीर्ति देशाबाहेरील पंडितांपर्यंत पोंचली. जावजी शेठ १८९२ सालीं वारले. तोंपर्यंत खिळे घासणाऱ्या मुलाचें नांव मराठी मुद्रणाच्या इतिहासांत कायमचें झालें होतें.

त्यांच्याहि आधीं गणपत कृष्णाजी या गृहस्थांनीं त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून घरीं लांकडी दाबयंत्र केलें, शिळाछापाचे प्रयोग केले, शाई बनविली, व १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढिलें. त्यांच्या या खटपटीची हकीकत गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत नमूद केली आहे. मिशनऱ्यांनीं छापखाना काढिला तो स्वधर्माचीं पुस्तकें छापण्यासाठीं. तेथें पाहून शिकलेल्यानें छापिलें पंचांग! त्या काळीं कोणास हें रुचलें असेल, कोणास नसेल. पण विद्या दिल्यावर तिचा उपयोग शिकणाऱ्यानें आपल्याच मनाप्रमाणें करावा असा हट्ट गुरूस धरतां येईल काय? आम्हांस वाटतें, येणार नाहीं. ज्या दानाला दोरी बांधलेली असते तें दान नव्हे, ती वेसण होय.

तथापि येथें दुकानदाराची तक्रार ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. मिशनच्या छापखान्याच्या पाठीशीं वर्गणीदार होते. तालुक्याच्या गांवचा मोटारमिस्त्री स्वतःच्या घामावर उभा असतो. त्यानें मुलास दोन वर्षें शिकवावें, आणि तिसऱ्या वर्षीं त्यानें रस्त्यापलीकडे तोच धंदा थाटून गिऱ्हाइकें ओढावीं, हें त्याच्या पोटावर येतें. एकदां असें झालें म्हणजे तो दुसऱ्या मुलास मन लावून शिकवीत नाहीं. इंजिन उघडतांना त्याला चहा आणावयास पाठवितो. आपल्या गांवोगांवच्या कारागिरांत ही संवय दिसते ती सारी दुष्टपणाची नाहीं, बरीचशी भयाची आहे. या भयास उपदेशानें उत्तर देतां येणार नाहीं. त्याला उत्तर एकच, कीं आरंभींच मुदत बोलून ठरवावी. इतके महिने शिकेन, मला हें हें दाखवावें. त्यानंतर इतके महिने, अंगीं हुन्नर आला असतांहि, बाजारभावाहून कांहींशा कमी मजुरीवर तुमच्याकडेच राहीन. ही झाली फेड. ती मुदत संपली कीं ऋण संपलें. मग तो समोर दुकान थाटो कीं मुंबईस जावो, त्यास कोणी कृतघ्न म्हणूं नये. मुदतीआधींच, पांचशें रुपये जास्त मिळतात म्हणून न सांगतां निघून गेला, तर मात्र तो कृतघ्न खराच, आणि त्याच्या पाठीमागून येणाऱ्या दहा मुलांच्या वाटेंत त्यानें कांटे पेरले.

या दोन बाजू एकाच माणसाच्या चरित्रांत पाहावयाच्या असतील तर अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँक्लिनचें उदाहरण घ्यावें, तोहि छापखान्यांतलाच. बोस्टन शहरीं १७१८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, तो वडील भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून करारानें बांधला गेला. एकविसावें वर्ष लागेपर्यंत सुटका नाहीं. भाऊ तापट होता, मारहाणहि करी. पुढें सरकारची जेम्सवर मर्जी खपा झाली व त्यास स्वतःच्या नांवानें पत्र छापण्याची मनाई झाली, तेव्हां पत्र धाकट्या भावाच्या नांवानें काढण्यासाठीं त्यानें जुना करार लोकांस दाखविण्यापुरता रद्द केला, आणि गुपचूप दुसरा करून घेतला. बेंजामिनानें हें हेरलें. गुप्त करार भाऊ चव्हाट्यावर आणूं शकणार नाहीं हें जाणून १७२३ सालीं, सतरा वर्षांचा असतां, त्यानें काम सोडलें. जेम्सनें बोस्टनमधील सर्व छापखानेवाल्यांस सांगून त्याला कोठेंहि काम मिळूं दिलें नाहीं. म्हणून तो गांव सोडून पळाला.

वाचकांस वाटेल, मारकुट्या भावाच्या तावडींतून सुटला, बरें झालें. आम्हांसहि तसेंच वाटतें. पण नवल हें, कीं स्वतः फ्रँक्लिनानें म्हातारपणीं आत्मचरित्र लिहितांना भावाच्या त्या अडचणीचा फायदा घेणें ही आपल्या आयुष्यांतील आरंभीच्या चुकांपैकीं एक म्हणून नोंदली. भाऊ कठोर होता हें त्यानें झांकलें नाहीं, आणि भाऊ कठोर होता म्हणून आपला शब्द मोडणें योग्य ठरलें असेंहि म्हटलें नाहीं. पुढें त्यानें काय केलें तें तर फार बोलकें आहे. दोघां भावांचा समेट झाल्यावर, जेम्सच्या इच्छेप्रमाणें, त्याच्या मुलास त्यानें आपल्या घरीं आणून छापण्याचा धंदा शिकविला. भावाचें ऋण त्यानें भावास पैशांनीं परत केलें नाहीं. तें पुढच्या पिढीच्या हातांत हुन्नर घालून फेडलें. हुन्नराचें ऋण बहुतेक याच वाटेनें फिटतें. ज्यानें आपणांस रंधा धरावयास शिकविला, त्याला आपण उलट काय शिकविणार? तो तर आधींच जाणता. आपण शिकवावयाचें तें जो अजून नेणता आहे त्याला.

ही गोष्ट आपल्या मंडळ्यांनीं तरी विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. गांवगाड्यांत सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. बाप शिकवी, मुलगा शिके, आणि भात्याजवळ दुसऱ्या जातीच्या मुलाला बसूं देण्याचा प्रश्नच नसे. महारामांगांच्या मुलाच्या वांट्यास वेसकरकी, दोर, केरसुणी, मेलेलें ढोर. लिहिणें शिकण्यास जशी बंदी, तशीच हुन्नर शिकण्यासहि. फरक इतकाच, कीं लिहिण्याच्या बंदीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें, हुन्नराच्या बंदीविषयीं फारसें कोणीं लिहिलें नाहीं. १८७६ ते १८७८ च्या व पुढें १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर मिशनांच्या आश्रमांत शेंकडों अनाथ मुलें आलीं. त्यांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून ठिकठिकाणीं औद्योगिक शाळांचें काम वाढलें. अहमदनगर येथें (आतां अहिल्यानगर) सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाची अशी शाळा होती. तेथें ज्याच्या आजानें कधीं करवतीस हात लाविला नव्हता, त्याच्या हातीं करवत आली. हा केवळ पोटाचा प्रश्न नव्हता. जन्मानें लावलेलें कुलूप उघडण्याचा होता. म्हणून आपल्यांतील जो आज मिस्त्री झाला आहे, त्यानें इंजिन उघडतांना शिकाऊ मुलास चहा आणावयास पाठविणें हें इतरांनीं तसें करण्याहून अधिक वाईट दिसतें. आपल्या आजापुढें जें दार बंद होतें तेंच तो आपल्या हातानें लावून घेतो.

अर्थात् औद्योगिक शाळांपुढेंहि एक मोह होताच, आणि तो आजच्या प्रत्येक प्रशिक्षणसंस्थेपुढें आहे. शाळेंत केलेल्या खुर्च्या विकून शाळेचा खर्च भागवावा लागतो. मग ज्या मुलाचा हात पायांवर बसला त्याजकडून पायच करून घ्यावे, म्हणजे खुर्च्या भराभर निघतात. खुर्ची चांगली होते, मुलगा अर्धाच राहतो. शाळेतून बाहेर काय पडावयाचें, खुर्ची कीं सुतार, हें चालकांनीं रोज सकाळीं स्वतःस विचारल्यावांचून सुटका नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेंत मुलें शेतांत राबून शिकत. ‘कमवा व शिका’ या नांवानें ती रीत महाराष्ट्रभर ठाऊक झाली. तेथें श्रम होते ते शिक्षण चालावें म्हणून. शिक्षणाचें नांव सांगून श्रम चालावे, हा त्याचा उलटा प्रकार. आणि दोहोंकडे घाम सारखाच दिसत असल्यामुळें बाहेरच्यास फरक चट्कन ओळखतां येत नाहीं.

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें नाहीं. १८५० च्या कायद्यानें दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास, विशेषतः अनाथ व गरीब मुलास, बापानें अगर पालकानें जास्तींत जास्त सात वर्षांच्या करारानें धंदा शिकावयास बांधून देण्याची सोय केली होती. स्वतंत्र भारतांत १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला, व त्यांत पुढें वेळोवेळीं दुरुस्त्या झाल्या. त्यांतील कांहीं गोष्टी आपल्या खेड्यांतील आईबापांस ठाऊक असणें अगत्याचें आहे. उमेदवाराचें वय किमान चौदा असावें लागतें, आणि धोक्याच्या कामांत अठरा. लेखी करार होतो. मुलगा अज्ञान असल्यास पालक सही करितो, आणि तो करार सरकारदरबारीं नोंदवावा लागतो. विद्यावेतन द्यावेंच लागतें; २०१९ च्या नियमांनीं पांचवी ते नववीपर्यंत शिकलेल्यास तें दरमहा किमान ५००० रुपये व पदवीधरास ९००० रुपये ठरविलें. ज्या कारखान्यांत तीस अगर अधिक माणसें आहेत त्यानें कांहीं उमेदवार घेतलेच पाहिजेत, असेंहि त्याच वर्षीं ठरलें. काम करितांना इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. मालकानें करार पाळला नाहीं म्हणून तो मोडला गेला तर मालकानें नुकसानभरपाई द्यावी, असेंहि कायदा सांगतो.

पण त्याच कायद्यांत दोन गोष्टी अशा आहेत, कीं त्या न कळल्यामुळें घरोघर निराशा होते. एक ही, कीं उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगारांच्या पगाराचे व कायमपणाचे हक्क त्यास आपोआप मिळत नाहींत. दुसरी ही, कीं मुदत संपल्यावर त्यास नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं. करारांतच तशी अट घातली असेल तर मात्र आहे, आणि मग ठरलेल्या मुदतीपर्यंत तेथें राहण्याचें बंधन मुलावरहि येतें. बाप गांवांत पेढे वांटतो, “पोरगा कंपनींत लागला”, वर्षानें पोरगा परत येतो, आणि गांव म्हणतें, “यानंच कांहीं केलं असेल.” त्यानें कांहींहि केलेलें नसतें. मुदत संपलेली असते, एवढेंच. हें आधींच समजावून सांगितलें असतें तर त्या मुलास मान खालीं घालून वेशींतून यावें लागलें नसतें. आणि कायदा ‘कामगार नव्हे’ असें म्हणतो तो मालकास सवलत म्हणून नव्हे. तो मालकावर शिकविण्याचा भार टाकितो. शिकणारा म्हणून हक्क कमी द्यावयाचे, आणि शिकवावयाचें तर नाहींच, असा दुहेरी लाभ घेणें हें कायद्याच्या कलमांत बसवून दाखवितां आलें तरी न्यायांत बसत नाहीं.

हाताखालच्या मुलास वागवावें कसें, याविषयींहि दोन शब्द. चूक होतेच. चुकलेल्या फळीचे पैसे विद्यावेतनांतून कापणारे मालक आम्हांस अगदीं चुकीचे वाटतात. शिकतांना बिघडलेला माल हा शिकविण्याचा खर्च आहे, आणि शिकवणें हें जर वेतन तर तो खर्च वेतन देणाऱ्याचा. बेपर्वाईनें बिघडविलें तर गोष्ट निराळी; पण बेपर्वाई कोणती व कच्चेपण कोणतें हें ओळखणें हेंच तर मिस्त्रीचें मिस्त्रीपण. मारहाण, आईबहिणीवरून शिव्या, चार माणसांत जातीवरून टोमणे यांनीं हात बसत नाहीं; मुलगा फक्त चूक लपवावयास शिकतो, आणि लपविलेली चूक मोटारीच्या ब्रेकांत राहिली तर ती कोणाच्या तरी जिवावर बेतते. मुलांकडेहि दोष आहेत. वेळेवर न येणें, हातांत सदोदित मोबाइल, झाडूस हात लावण्याची लाज, चार दिवसांत मिस्त्री म्हणवून घेण्याची घाई, हे आम्ही ठिकठिकाणीं ऐकतों व त्यांत तथ्य आहे. दुकान झाडणें हें कमीपणाचें नाहीं. झाडतांना कोणता स्क्रू कोठें पडला हें ज्यास दिसतें तो लवकर शिकतो. मात्र वर्षभर झाडूच हातीं राहिला तर दोष मुलाचा नव्हे.

आतां उपदेशक बंधूंस कांहीं सांगावयाचें तें इतकें, कीं तुमच्याकडे एखादी आई मुलाला घेऊन आली, तर पगाराच्या आकड्यावर संभाषण थांबवूं नये. करार लेखी आहे काय, तो नोंदला आहे काय, हें पाहावें; मराठींत नसेल तर बसून त्यांस अर्थ सांगावा, आणि एक प्रत घरीं ठेववावी. उचल म्हणून कांहीं रक्कम हातीं दिली जात असेल व ती फिटेपर्यंत पोरानें हलूं नये अशी बोली असेल, तर सावध करावें. ऊसतोडीच्या उचलीनें काय होतें हें बीडच्या माणसास सांगावयास नको, आणि कर्जापायीं माणूस बांधून ठेवण्याची पद्धत १९७६ च्या कायद्यानें बंद केलेली आहे. लहान दुकान असेल तर कायद्याचा कागद नसेलहि. मग मिस्त्री, मुलगा व आईबाप यांस एकत्र बसवून मुदत, काय शिकवावयाचें तें, आणि पारडें फिरेल तेव्हां वेतन कितीनें वाढेल, हें चौघांदेखत बोलून घ्यावें. बहुतेक मिस्त्री अशा बोलण्यास नाखूष नसतात. कोणीं विचारलेलेंच नसतें.

आणि मुलाजवळ एक लहानशी वही द्यावी. दर शनिवारीं रात्रीं त्यानें तींत त्या आठवड्यांत शिकलेली एक नवी गोष्ट लिहावी. दोन ओळी पुरेत. तो सणास घरीं आला म्हणजे ती वही मागून पाहावी. सलग तीन महिन्यांचीं पानें कोरीं असतील, तर मुलास बोल लावण्याआधीं तुम्हीं स्वतः एस्. टी. नें त्या दुकानीं जावें, मिस्त्रीकडे चहा घ्यावा, आणि वही त्याच्यापुढें उघडून ठेवावी.